तात्याबांचा होकार

वाटीवर चमचा वाजवला, पण तेजलने मान वळवली नाही. मी पुन्हा वाजवला, या वेळी जरा डावीकडून. ती सतरंजीवर बसून पायातला मोजा ओढण्यात गुंग होती. तिसऱ्यांदा वाजवल्यावर तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि परत मोज्याला लागली.

"ऐकतंय लेकरू, सगळं ऐकतंय," सासूबाई आतून म्हणाल्या. "पण तू असंच वाजवत राहिलीस ना, तर बहिरं व्हायचं एखाद दिवशी."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं. तेजल झाली तेव्हाच दवाखान्यात तिचे कान तपासले होते आणि सगळं ठीक असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी कुठेतरी वाचलं की काही मुलांचं नंतर लक्षात येतं, आणि तेव्हापासून वाटी-चमचा माझ्या हातातून सुटेना. ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायला लागली की मला कौतुक वाटायच्या आधी धास्ती वाटायची. ही ऐकतेय की नुसती ओठ बघतेय?

दुपारी ती मांडीवर झोपली आणि मी लॅपटॉप उघडला. मी वकील आहे. पिंपरीला यशवंतराव सरांच्या ऑफिसात काम करते, तेजल झाल्यापासून सांगवीच्या घरातून. आमच्याकडे बहुतेक कामं लवादाची. दोन कंपन्यांचं भांडण कोर्टात न नेता दोघांच्या संमतीने नेमलेल्या एका जाणत्या माणसापुढे सोडवायचं, तो माणूस म्हणजे लवाद. पूर्वी साक्षीदाराचा जबाब टाइप होऊन आला की विषय संपायचा. आता सुनावणीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, आणि टाइप झालेलं त्याच्याशी ताडून पाहायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. घरबसल्या होईल असं काम. ऑफिसातल्या इतरांना ते कंटाळवाणं वाटायचं. मला आवडायचं. लक्ष ठेवायची सवय होतीच, आता त्याचा पगारही मिळत होता.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग महाळुंग्याच्या एका फोर्जिंगच्या वर्कशॉपचं होतं. तापलेल्या लोखंडावर हॅमरचे घाव घालून गाडीचे भाग बनवायचे, असं तिथलं काम. नवीन घेतलेल्या हॅमरचा दांडा थंडीतल्या एका सकाळी मोडला. मशिन देणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की दोष मशिनचा नाहीच. घाव ज्यावर बसतो ती डाय आधी तापवावी लागते, आणि तुमच्या माणसाने ती न तापवता हॅमर चालवला. तो माणूस म्हणजे तात्याबा. उभा जन्म हॅमरवर गेलेला. आणि मागच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी त्यांना नेमकं तेच विचारलं, तेव्हा त्यांनी होकार दिला होता. टाइप केलेल्या जबाबात तसं स्पष्ट होतं : साक्षीदाराने होकारार्थी मान हलवली.

त्या एका ओळीने वर्कशॉपची, म्हणजे आमची, बाजू पडल्यातच जमा होती. सर म्हणाले होते, म्हाताऱ्याने घोळ घातला. वर्कशॉपचे मालक सयाजीशेठ यांनी तर तात्याबांना सांगून टाकलं होतं, की थोडे दिवस घरीच थांबा.

तेजलच्या मुठीत इयरफोनची वायर अडकली होती. ओढली असती तर ती उठली असती. म्हणून मी आवाज पूर्ण बंद केला आणि पडद्यावर खाली बोलण्याची अक्षरं उमटतात ती सोय चालू केली.

लांबलचक टेबल. एका टोकाला तात्याबा, इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हात गुडघ्यांवर. दुसऱ्या टोकाला समोरचे वकील. मध्ये लवाद, विजयश्री मॅडम, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. एका माणसाने तात्याबांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तात्याबांनी मान हलवली. वकील बोलू लागले. खाली अक्षरं आली, 'त्या दिवशी सकाळी', आणि तात्याबांनी मान हलवली. 'डाय गरम न करता' ही अक्षरं त्यानंतर आली.

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मान आधी, प्रश्न नंतर. मॅडमची नजर तोवर कागदावर होती. त्यांनी वर पाहिलं तेव्हा मान अजून हलतच होती.

पुढे सरकवलं. वकील आपल्या सहायकाकडे वळून, एसी कमी करायला सांगा, असं म्हणाले. तात्याबांनी त्यालाही मान हलवली.

मला हसू आलं आणि मग मी चित्र तिथेच थांबवलं. आवाज नसलेल्या त्या चित्रात मी इतका वेळ जी नजर बघत होते, ती माझ्या ओळखीची होती. ते डोळे समोरच्याच्या डोळ्यांकडे नव्हते, ओठांकडे होते. तेजलच्या चेहऱ्यावर ही नजर दिसू नये म्हणून तर मी चमचा घेऊन तिच्या मागे लागले होते.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "मान हलवली म्हणजे हो, योगिनी. कोणीही तेच धरणार."

"सर, त्यांनी एसीलाही हो म्हटलंय."

सर हसले. त्या दिवशी ते स्वतः तात्याबांच्या अगदी शेजारी बसले होते आणि त्यांना हे दिसलं नव्हतं. तेवढा तुकडा कापून पाठव, म्हणाले, आणि म्हाताऱ्याला प्रत्यक्ष भेटून ये. ऐकू येत नसेल तर तसा अर्ज करू.

गुरुवारी ज्ञानेशची, माझ्या नवऱ्याची, सुट्टी असते. त्याच्या गाडीवर मागे बसून निघाले. तेजलला सोडून इतक्या लांब मी पहिल्यांदाच जात होते. मोशीला पोहोचेपर्यंत घरी दोन वेळा फोन केला. वरणाचं पाणी पाजलं का, पंखा अंगावर तर नाही ना. तिसऱ्यांदा सासूबाईंनी उचलल्या उचलल्या सांगितलं, की लेकरू ठीक आहे, फोनच्या आवाजाने तेवढं उठतंय. ज्ञानेश म्हणाला, "बघ, ऐकू येतंय तिला." मी त्याच्या पाठीत बुक्की मारली.

महाळुंग्याला दोन कंपन्यांच्या कुंपणांच्या मधे उरलेलं छोटं घर. तात्याबांच्या पत्नी, भागूबाई, ओट्यावर लसूण सोलत होत्या. ते मागे आहेत म्हणाल्या. मागे तात्याबा पाठमोरे उभे राहून पपईच्या झाडाला पाणी घालत होते. मी दोनदा नमस्कार केला, दुसऱ्यांदा मोठ्याने. पाणी घालणं चालूच. भागूबाई काही न बोलता माझ्यामागून आल्या, झाडाला वळसा घालून त्यांच्यासमोर गेल्या, खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. तात्याबा वळले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मान हलवली.

चहा झाला. मी त्यांच्या अगदी समोर बसले आणि सावकाश विचारलं, तात्या, तुम्हाला कमी ऐकू येतं का?

माझ्या ओठांवरची त्यांची नजर खाली गेली, स्वतःच्या तळव्यांवर.

"कोन म्हनलं?"

मी म्हटलं, कोणी नाही. व्हिडिओत दिसलं.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "काय बी लिवा. बहिरा म्हनून कागदावर लिवू नगा."

मग त्यांनी सांगितलं, की आधीच्या कंपनीत कानाची तपासणी व्हायची. ज्याचे कान गेले त्याला हॅमरवरून उचलून पॅकिंगला टाकायचे. खोकी चिकटवायला. नर्सबाई कानावर यंत्र लावायची आणि बटण दाबायची. बटण दाबताना ती खाली बघायची, दाबून झालं की वर. "तिनं वर बगितलं की म्या मान हलवायचो. एकदा बी नापास झालो न्हाई." एवढं सांगताना तोंडावर हलकं हसू आलं.

"मला तरी कुटं सांगितलं," भागूबाई त्यांच्या मागे उभ्या राहून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. त्यांना ऐकू जाणार नव्हतंच. "पयल्यांदा वाटायचं, माजा राग आलाय. हाक मारली तरी वळत न्हाईत. मग समजलं. तवापासनं काय बोलायचं आसलं की म्होरं जाऊन हुबी ऱ्हाते. चा ठिवायचा तरी म्होरं जाऊनच इचारते." असं म्हणून त्या लसणाची सालं उचलून आत गेल्या. आपल्यामागे काही बोललं गेलं, हे तात्याबांना कळलंही नव्हतं.

मी शब्द दिला, की बहिरा असं मी लिहिणार नाही. बाहेर आल्यावर ज्ञानेशने विचारलं, मग करणार काय? मी गाडीवर बसले. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. कंटेनरच्या मागे अडकून आम्ही उभे होतो, हॉर्नच्या गोंगाटात ज्ञानेश वळून काहीतरी बोलला, आणि त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नाही. मी मान हलवली.

तिथेच सुचलं.

सरांनी लवादाकडे अर्ज केला तो साधा होता. रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी साक्षीदाराची मान हललेली दिसते, तेव्हा तेवढे प्रश्न पुन्हा विचारू द्यावेत. सुनावणी ऑनलाइन घ्यावी आणि जे बोललं जाईल ते सगळ्यांच्या पडद्यावर मराठी अक्षरांत दिसावं, म्हणजे नोंदीबद्दल पुन्हा वाद नको. ती अक्षरं तात्याबांना वाचता यावीत म्हणून आहेत, हे त्यात कुठेच नव्हतं. समोरच्या वकिलांनी अर्जावर नाराजी नोंदवली, पण प्रवास वाचत होता म्हणून ऑनलाइनला लगेच हो म्हणाले. मॅडमनी परवानगी दिली.

पुढच्या गुरुवारी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन मी पुन्हा महाळुंग्याला गेले. तात्याबांना खाटेवर बसवलं, समोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि ओट्यावर जाऊन मोबाइलमधून बोलले. तात्या, मी बोलते ते दिसतंय का?

ते एकेका अक्षरावरून नजर सरकवत ओठांतल्या ओठांत वाचत होते. चौथी झालेली, पण रोजचा पेपर वाचायची सवय. मग आतून आवाज आला, "दिसतंय. तुमी लई भरभर बोलता."

नंतर त्यांना खेळच सापडला. स्वतःच काहीतरी बोलायचं आणि काय उमटतं ते पाहायचं. त्यांनी 'न्हाई' म्हटलं की ते यंत्र नीटनेटकं करून 'नाही' लिहायचं. "माज्यापरीस शानं हाय," म्हणाले. भागूबाई तेव्हा दळणाला गेल्या होत्या. सुरू कसा करायचा ते शिकवून लॅपटॉप मी सुनावणीपर्यंत तिथेच ठेवून आले.

सुनावणीच्या दिवशी तेजलला थोडी सर्दी होती. मी तिला सासूबाईंकडे दिलं, खोलीचं दार लावलं, आणि पुन्हा उघडून तिचं कपाळ पाहून आले. पडद्यावर एकेक चौकट उघडत गेली. मॅडम, समोरचे वकील, सर, सयाजीशेठ, मी आणि तात्याबा. साक्षीदाराच्या खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे आधी पाहायचं असतं. मी शिकवल्याप्रमाणे तात्याबांनी लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवली. घड्या केलेल्या गोधड्या, पत्र्याची पेटी, खिडकीत झोपलेलं मांजर. दार लावलेलं. भागूबाई बाहेर. मांजराला बाहेर काढू का, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, राहू दे, ते काही सांगणार नाही.

समोरच्या वकिलांनी खाली पळणाऱ्या अक्षरांबद्दल कुरकुर केली. लक्ष विचलित होतं, बंद करावं म्हणाले. ती बंद झाली असती तर तात्याबांना काहीच कळलं नसतं. मॅडम चष्मा नीट करत म्हणाल्या, "असू द्यात. मीही वाचतेच आहे."

आधी तो कापलेला तुकडा दाखवला. ग्लास, मान. अर्धा प्रश्न, मान. एसी, मान. सयाजीशेठ आपल्या चौकटीत पुढे झुकून पाहत होते. तुकडा संपल्यावर समोरचे वकील म्हणाले, की काहीही असलं तरी मान हलवली आहे, आणि मान हलवणं म्हणजे होकार. आता साक्षीदाराला पढवून आणलेलं आहे.

मॅडमनी सरांना बोलू दिलं नाही. सरळ तात्याबांना विचारलं, की तुम्ही मान का हलवलीत?

मी शब्द दिला होता, सरांनीही पाळला होता. पण हा प्रश्न थेट त्यांना होता आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. आणि ते बोलले नाहीत तर जन्मभर हॅमरवर काढलेला माणूस थंड डायवर घाव घालणारा म्हणून घरी बसणार होता.

तात्याबांचे ओठ हलत होते. अक्षरं वाचून झाली तरी ते पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी गळ्याचं बटण सोडलं.

"मला ऐकू येत न्हाई, बाईसाहेब," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. हॅमरवर समद्यांचंच जातं, माजं जरा ज्यास्त गेलं. शॉपमधी तोंडानं कुनी बोलतच न्हाई. समोरच्यानं तोंड हलवलं की आपुन मान हलवायची. म्हंजे, तू दिसलास मला, एवडंच. हो बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई. त्या दिवशी साहेब बोलत हुते, म्या म्हनलं, दिसले."

खाली सगळं उमटत गेलं, नीटनेटकं होऊन. त्यांनी स्वतःचंच बोलणं शेवटपर्यंत वाचलं आणि मान हलवली. मग लक्षात येऊन ती मधेच थांबवली.

मॅडमनी टाइप करणाऱ्याला सांगितलं, हे जसंच्या तसं घ्या. आणि मग समोरच्या वकिलांना म्हणाल्या, विचारा.

त्यांनी विचारलं. त्या दिवशी सकाळी तुम्ही डाय न तापवता हॅमर चालू केला, हे खरं आहे?

तात्याबा वाचत होते तोवर सगळे थांबले. "खोटं हाय," ते म्हणाले. तापलेला लाल लोखंडाचा तुकडा आधी डायमध्ये ठेवायचा. चहाचा पेला डायच्या कडेला ठेवायचा आणि आवरून यायचं. पेल्याला हात लाववेना झाला की डाय तापली. त्या दिवशी हात भाजला होता, पेला फडक्याने धरून प्यायलो होतो, म्हणाले. वकिलांनी आणखी बरंच विचारलं. पण एक प्रश्न पुरता बसायच्या आत दुसरा टाकायची त्यांची पद्धत त्या अक्षरांपुढे चालेना. प्रत्येक वेळी तात्याबांचं वाचून व्हायची वाट पाहावी लागायची, आणि उत्तर आलं की ते पक्कं असायचं. शेवटी वकील म्हणाले, आणखी काही नाही.

मॅडमनी जुनी नोंद रद्द करून आजची धरायला सांगितलं. निकाल पुढे लागेल. दांडा कशाने मोडला ते तपासायला माणूस नेमायचा आहे, अजून दोन-तीन सुनावण्या तरी होतील. त्याची मला काळजी नव्हती. काळजी करण्यासारखं माझ्याकडे दुसरं पुष्कळ होतं, आणि दाराबाहेर तेजल शिंकल्याचंही मला ऐकू आलं होतं.

मॅडम गेल्या, समोरचे वकील गेले. सयाजीशेठ थांबले होते. ते मला म्हणाले, "ताई, हॅमरवाल्याला ऐकू येत नाही हे सांगायला लागतं का? सगळ्या शॉपला माहितीये. आम्हाला माहितीये हे आम्हीच त्यांना कळू देत नव्हतो."

मी विचारलं, मग त्या दिवशी मान हलवली तेव्हा तुम्हाला शंका नाही आली?

"नाही ना," ते म्हणाले. "तात्यांनी मान्य केलं म्हणजे खरंच असणार, असं वाटलं. ते खोटं बोलत नाहीत." मग शब्द सुटे सुटे करत बोलले, "तात्या, सोमवारपासून शॉपला या. हॅमर बंद आहे तोवर जुन्या डाया बघून ठेवू. आणि मान हलवू नका. तोंडानं सांगा."

"येतो," तात्याबा म्हणाले.

सर आणि सयाजीशेठ गेले. पडद्यावर दोनच चौकटी उरल्या, माझी आणि तात्याबांची. बाहेर कसं पडायचं ते मी शिकवलं होतं, पण ते विसरले असावेत. गुडघ्यांवर हात ठेवून शांत बसले होते. सासूबाई तेजलला घेऊन आत आल्या आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. लाल बटण दाबा, असं मी सांगणार होते, तेवढ्यात तात्याबांच्या मागचं दार किलकिलं झालं.

भागूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. संपलं की अजून चाललंय, याचा अंदाज घेत. मग त्या काहीतरी पुटपुटल्या. कोणाला विचारण्यासाठी नाही, सवयीने, समोर जायच्या आधी स्वतःशीच म्हटल्यासारखं. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत जेमतेम पोहोचला. पण खाली अक्षरं उमटली.

'चहा ठेवू का'

तात्याबांचे ओठ हलले.

"ठिव," ते मागे न वळता म्हणाले. "आन् मांजराला बी दे जरा दूध."

भागूबाई तोवर खाटेला वळसा घालून अर्ध्यापर्यंत आल्या होत्या. खांद्याला लावण्यासाठी उचललेला हात तसाच राहिला. त्यांनी पाठमोऱ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. हात हळूच खाली घेतला आणि आल्या वाटेने मागे वळून त्या चहा ठेवायला गेल्या.